आवळा कुणाचा, कोहळा कुणाचा?

केस कापायचे होते म्हणून फोन केला. शनिवारी अकराला जमेल का, असं विचारलं. "हो, या ना! नाव सांगा," पलीकडून मोठा उत्साही आवाज. नाव सांगितलं आणि जाता जाता म्हटलं, "माझ्याकडे व्हाउचर आहे हं." क्षणभर शांतता. मग पान उलटल्याचा आवाज, आणि पुन्हा तोच माणूस, उत्साह वजा जाता: "व्हाउचरवाल्यांना शनिवार-रविवार नाही, मॅडम. मंगळवारी दुपारी तीनला या."

मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. काउंटरवर वही उघडी होती. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे नुसती नावं, उजवीकडच्या प्रत्येक नावापुढे लाल पेनानं 'व्हा.' असं लिहिलेलं. उजवी बाजू गच्च भरलेली, डावी जवळपास कोरी. केस कापणारा मुलगा कामात चोख होता, पण त्याचा एक डोळा सतत घड्याळावर. पंचवीस मिनिटांत मी बाहेर. केस बरे कापले होते, तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी मी तिथे पुन्हा कधी गेले नाही. मला ते अर्ध्या किमतीत पडलं. त्याला कितीला पडलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात फार उशिरा आला.

ते व्हाउचर मी एका डील विकणाऱ्या साइटवरून घेतलं होतं. दररोज एक नवी डील, ५० ते ७५ टक्के सूट, आधी पैसे भरा आणि मग मुदतीत येऊन सेवा घ्या, असा हा प्रकार. विकणारे सांगतात की यात सगळ्यांचंच भलं आहे: ग्राहकाला स्वस्तात मिळतं, छोट्या व्यावसायिकाला नवी गिऱ्हाइकं मिळतात, मधल्या साइटला कमिशन. ऐकायला गोड आहे. पण माझ्या मते इथे एका शब्दाची अदलाबदल झालेली असते. व्यावसायिकाला हे व्हाउचर 'जाहिरात' म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात ती असते उचल. कामगार जशी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग महिनोन्‌महिने राबून फेडतो, तशीच. आज हातात थोडी रोकड पडते आणि त्या बदल्यात पुढच्या काही महिन्यांचं काम गहाण पडतं. उचल घेणं हे काही पाप नाही. पण घेणाऱ्याला ती जाहिरात वाटत असेल, तर ती किती घ्यावी याचा अंदाज चुकणारच.

या धंद्याची सुरुवात पाहिली की घोळ कुठे झाला ते कळतं. नोव्हेंबर २००८ मध्ये शिकागोत 'ग्रुपॉन' सुरू झाली. तिचा संस्थापक अँड्र्यू मेसन त्याआधी 'द पॉइंट' नावाची साइट चालवत होता. एखाद्या कामासाठी पुरेशी माणसं गोळा झाली तरच ते काम पुढे न्यायचं, अशी तिची कल्पना. तीच कल्पना खरेदीला लावली. पहिली डील होती त्यांच्याच इमारतीतल्या एका बारमधल्या पिझ्झाची. ठरावीक संख्येनं लोक आले तर सूट लागू, नाहीतर व्यवहारच रद्द. नावातच ग्रुप आणि कूपन. आपण एकत्र आलो की आपली ताकद वाढते आणि भाव पडतो, हे तर्काला पटण्यासारखं होतं.

पण घाऊक खरेदीत भाव पडतो तो ताकदीमुळे नव्हे. हजार नग एकदम बनवले की प्रत्येक नगाचा खर्च खरोखर कमी होतो, वाहतूक वाचते, माल एका फटक्यात उठतो. हजार डोकी मात्र एकदम भादरता येत नाहीत. मालिशवाल्याला दोनच हात असतात आणि हजाराव्या पाठीला पहिल्या पाठीइतकाच वेळ लागतो. शिवाय हा 'ग्रुप' दारात ग्रुपनं येतच नाही. एकेकटा येतो, आपल्या सोयीनं, आणि बहुतेक वेळा मुदत संपायच्या आठवड्यात. म्हणजे घाऊकची सूट आणि किरकोळीचा खर्च. शिवाय पद्धतीचा सगळा डोलारा किमान किती लोक हवेत यावर उभा होता. कमाल किती झेपतील, हा प्रश्न त्या कल्पनेच्या पोटातच नव्हता.

आता थोडा हिशोब करू, कारण या विषयात मतांपेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त बोलते. समजा एका कामाची नेहमीची किंमत १०० आहे. डीलमध्ये ते ५० ला विकलं. त्यातले साधारण अर्धे मधल्या साइटचे. (हे अर्धे मी हवेतून आणलेले नाहीत. ग्रुपॉननं आपली २०१० ची कमाई आधी सुमारे ७१.३ कोटी डॉलर दाखवली होती. व्यावसायिकांना द्यायची रक्कम वगळून दाखवावी लागली, तेव्हा ती ३१.३ कोटींवर आली. म्हणजे ग्राहकानं भरलेल्या दर १०० डॉलरमधले सुमारे ४४ मधल्याकडे राहत होते.) तेव्हा व्यावसायिकाच्या हातात येतात ढोबळमानानं २५. शंभराच्या कामाचे पंचवीस.

आता दोन धंदे घ्या. पहिल्यात प्रत्येक कामाला सामान आणि मजुरी मिळून ४० खर्च येतो. दुसरा एखादा शिकवणीचा वर्ग, जिथे शिक्षक उभाच आहे, जागेचं भाडं भरलेलंच आहे आणि आणखी एक माणूस येऊन बसला तर खर्च फार तर ५. दोघांनीही १०० व्हाउचरं विकली. त्यातली ८० नव्या लोकांनी घेतली आणि २० जुन्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांनी. जुनी गिऱ्हाइकं घेणारच. ती काय डोळे मिटून बसलेली नसतात.

पहिल्या धंद्यात प्रत्येक नवा माणूस १५ चा तोटा घेऊन येतो: ८० जणांचे १२००. जुनं गिऱ्हाईक एरवी पूर्ण १०० देऊन गेलं असतं, त्याऐवजी २५ आले, म्हणजे माणशी ७५ चा खड्डा: वीस जणांचे १५००. एकूण २७०० चा फटका. तो भरून यायला पूर्ण किमतीच्या ४५ फेऱ्या हव्यात, कारण प्रत्येक फेरीत सुटतात ६०. नव्या ८० जणांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे १६ जण टिकले असं धरलं, तरी प्रत्येकानं आणखी तीन वेळा यायला हवं, तेव्हा कुठे गाडी शून्यावर. दुसऱ्या धंद्यात नवा माणूस २० देऊन जातो: ८० जणांचे १६००. जुन्यांमुळे बुडाले तेच १५००. पहिल्याच दिवशी १०० हातात शिल्लक, आणि पुढे जो परत येईल तो निव्वळ फायदा.

तेव्हा हे चांगलं की वाईट याचं एक उत्तर नाही, रिकामी खुर्ची आणि भरलेला गल्ला यांच्यात फरक आहे, एवढं तर उघड आहे. मला त्या हिशोबात जास्त बोचलं ते वेगळंच. जुन्या गिऱ्हाइकामुळे पडणारा खड्डा दोन्हीकडे ७५ चाच आहे. तुमचा खर्च ५ असो की ४०, तो खड्डा एका पैशानं कमी होत नाही. त्या दुसऱ्या, सुरक्षित वाटणाऱ्या वर्गात जुन्यांचं प्रमाण २० वरून ४० वर गेलं, तर १०० च्या फायद्याचा १८०० चा तोटा होतो. म्हणजे ज्याला आधीच चांगली, निष्ठावान गिऱ्हाइकं आहेत, त्यालाच ही सूट सगळ्यात महाग पडते. आणि डील विकणारा प्रतिनिधी साहजिकच अशाच नावाजलेल्या दुकानात आधी शिरतो, कारण तिथली व्हाउचरं झपाझप खपतात.

हिशोब न करता उडी घेतल्यावर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या रेडिंग गावच्या एका छोट्या बेकरीचं आहे. २०११ मध्ये तिनं डझनभर कपकेकवर ७५ टक्के सूट दिली: २६ पौंडांचा डझन साडेसहा पौंडांना. व्हाउचरं घेतली साडेआठ हजार लोकांनी. म्हणजे १ लाख २ हजार कपकेक. बेकरीत माणसं मोजकीच, मग बाहेरून कामगार आणले, आणि प्रत्येक डझनामागे तोटा सोसत सगळ्या मागण्या पुऱ्या केल्या. नुकसान झालं सुमारे १२,५०० पौंड. या गोष्टीवर लोक हसतात; मला हसू येत नाही. त्या बेकरीनं दिलेला शब्द पाळला, दर्जा राखायची धडपड केली आणि त्यापायीच ती खाली आली. लबाडी केली असती, केक लहान केले असते, फोन उचलला नसता, तर बहुधा इतकं नुकसान झालं नसतं. ही व्यवस्था प्रामाणिक माणसालाच जास्त दंड करते, हा माझा तिच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप.

कूपन नावाची गोष्ट काही नवी नाही, असं यावर म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोका-कोलानं एक ग्लास पेय फुकट मिळण्याची कूपनं वाटली आणि त्यावर आपला बाजार उभा केला. खरं आहे. पण तिथे सूट कोण सोसत होतं ते पाहा. साबणाचं किंवा डबाबंद मालाचं कूपन घेऊन ग्राहक दुकानात येतो, तेव्हा दुकानदार सूट देतो आणि ते पैसे कारखानदाराकडून वसूल करतो. मोठा सोसतो, छोट्याचा धंदा वाढतो. डीलच्या व्हाउचरमध्ये हे नेमकं उलटं झालं. सूट छोट्यानं सोसायची आणि नाव व्हायचं मोठ्या साइटचं. ग्राहकाला विचारा, तो म्हणेल "मी ते अमुक साइटवरून घेतलं." दुकानाचं नाव आठवेलच असं नाही. आवळा देऊन कोहळा काढायला निघालेला व्यावसायिक कोहळा देऊन बसतो आणि आवळाही दुसऱ्याच्याच हातात जातो.

जुन्या कूपनाचा आणखी एक गुण होता. ते वर्तमानपत्रातून कापावं लागे, जपून ठेवावं लागे, आठवणीनं न्यावं लागे. ज्याला पैशाची खरी निकड तोच इतका खटाटोप करी. बाकीचे पूर्ण किमतीत घेऊन जात. कटकट हीच चाळणी होती. मोबाइलवर एका बोटानं घेता येणाऱ्या व्हाउचरनं ती चाळणीच फाडून टाकली. रांगेत उभं राहून, बिल द्यायची वेळ आल्यावर, "थांबा हं, काही ऑफर आहे का बघते" म्हणणारी मी स्वतःला पाहिलं आहे. त्या क्षणी मी नवं गिऱ्हाईक नव्हते, गरजूही नव्हते.

आता दुसरी बाजू. टीकाकार बेकरीची गोष्ट सांगून थांबतात, ते योग्य नाही. राइस विद्यापीठातले उत्पल ढोलकिया यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या अशा डील दिलेल्या ३२४ व्यवसायांचा अभ्यास केला. त्यात ५५.५ टक्क्यांना फायदा झाला, २६.६ टक्क्यांना तोटा, उरलेले बरोबरीत. म्हणजे निम्म्याहून जास्त सुखरूप बाहेर पडले. व्हाउचर घेऊन आलेल्यांत जवळपास ८० टक्के नवे होते, हेही जाहिरात म्हणून वाईट नाही. (वरच्या हिशोबातला ८०-२० चा वाटा तिथूनच घेतला.) पण त्याच अभ्यासातले पुढचे आकडे बघा: व्हाउचरच्या रकमेपेक्षा जास्त खर्च करणारे सुमारे ३६ टक्के, आणि पुन्हा पूर्ण किमतीत येणारे सुमारे २०. 'एकदा आले की आपलेसे होतील' या आशेवर जी सूट दिली जाते, ती आशा पाचात एकदा फळते. आणि फायद्यातल्या अनेकांचा फायदा तुटपुंजा असावा असं मला वाटतं, कारण आणखी डील द्यायला नक्की तयार असणारे व्यवसाय निम्म्याहून कमीच निघाले.

तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले बेंजामिन एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाची तात्त्विक मांडणी केली. निष्कर्ष साधारण असा, की ज्या व्यवसायाचं नाव कुणाला माहीत नाही आणि ज्याचा वाढीव गिऱ्हाइकामागचा खर्च नगण्य आहे, त्याला अशी खोल सूट परवडू शकते, बाकीच्यांनी जपून. नव्यानं सुरू झालेल्या वर्गाला, दुपारी ओस पडणाऱ्या जागेला, अजून कुणी ओळखत नसलेल्या कलाकाराला हा मार्ग बंद करावा, असं मीही म्हणणार नाही. मोठ्या जाहिरातीला त्यांच्याकडे पैसे नसतात. इथे जाहिरातीचा खर्च गिऱ्हाईक आल्यावरच लागतो, ही सोय खरीच आहे.

पण मग ते गिऱ्हाईक समाधानानं परत जायला हवं, आणि गाडी इथेच अडते. बायर्स, मिट्झेनमाखर आणि झेरवास या तिघा संशोधकांनी येल्प या साइटवरचे अभिप्राय तपासले, तर ज्या अभिप्रायांत ग्रुपॉनचा उल्लेख होता, त्यांतले गुण इतरांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. कारणं अनेक असतील. मला तर ती लाल पेनाची वहीच आठवते. चाळीस 'व्हा.' एका आठवड्यात उरकायचे असले की प्रत्येकाला मंगळवारची दुपार मिळते. घाईत केलेलं काम, थकलेला कामगार, 'हे काही आपलं कायमचं गिऱ्हाईक नाही' अशी मनातली खूण. ग्राहकाला ती खूण बरोबर कळते. तो एक तारा कमी देतो. जाहिरात म्हणून केलेल्या खर्चातून बदनामी विकत घेतली गेली.

ग्राहकाचं काय? त्याला तर स्वस्तच मिळालं ना? कधी कधी, हो. जे घ्यायचंच होतं ते अर्ध्या किमतीत मिळालं, तर तो निखळ फायदा. पण या व्यवहाराची सगळी रचना 'घ्यायचंच नव्हतं' ते घ्यायला लावण्यासाठी असते. उरलेल्या तासांचं उलटं घड्याळ, 'आतापर्यंत इतक्यांनी घेतलं', ठळक अक्षरांत खोडलेली जुनी किंमत. त्या खोडलेल्या किमतीला त्या दुकानात कधी कुणी काही घेतलं होतं का, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेला २०११ मध्ये वर्षभराच्या आत ग्रुपॉनच्या जाहिरातींत नियमभंगाची ४८ प्रकरणं सापडली आणि तिनं ते प्रकरण सरकारच्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग'कडे सोपवलं.

आणि पैसे आधी भरलेले असतात, ही त्यातली खरी मेख. दुकानदार उचल घेणारा, तर उचल देणारे आपण. बिनव्याजी आणि विनातारण. वापरायचं राहून गेलं की पैसे गेले. अमेरिकेत मुदत संपलेल्या व्हाउचरांवरून लोक कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये ग्रुपॉननं ८५ लाख डॉलरची तडजोड केली. यातून एक साधी, न्याय्य गोष्ट पुढे आली: सवलतीला मुदत असू शकते, ग्राहकानं भरलेल्या पैशाला नसावी. मुदत उलटल्यावर भरले तेवढ्याची तरी सेवा मिळायलाच हवी. माझ्या मते हा नियम सगळीकडे, न मागता लागू असायला हवा.

मधल्याची तरी चांदी झाली का? तीही टिकली नाही. गूगलचा सुमारे ६०० कोटी डॉलरचा देकार ग्रुपॉननं २०१० मध्ये नाकारला, नोव्हेंबर २०११ मध्ये २० डॉलरनं शेअर बाजारात आणला, २०१३ च्या फेब्रुवारीत मेसनला काढून टाकलं, आणि २०२० मध्ये शेअरचा भाव दिसण्याजोगा ठेवायला वीस जुन्या शेअरांचा एक करावा लागला. फेसबुकनं असाच उद्योग २०११ मध्ये सुरू करून चार महिन्यांत गुंडाळला. लिव्हिंगसोशल ही डील विकणारी प्रतिस्पर्धी साइट शेवटी ग्रुपॉननंच गिळली. पोळलेला व्यावसायिक पुन्हा येत नाही, मग प्रतिनिधीनं रोज नवा व्यावसायिक शोधायचा. हे चक्र किती दिवस फिरणार?

ब्रिटनच्या त्या चौकशीतून २०१२ मध्ये ग्रुपॉनकडून जी हमी घेतली गेली, तिच्यात खऱ्या मूळ किमतीचा आणि पैसे परत मिळण्याचा मुद्दा होताच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कलम: इतक्या लोकांना इतक्या मुदतीत सेवा देणं त्या व्यावसायिकाला झेपेल का, याचा वास्तव अंदाज कंपनीनं आधी घ्यायचा. म्हणजे ती जबाबदारी मधल्यावर टाकली. बेकरीत दिवसाला किती केक होतात हे बेकरीवाल्याला कळायला हवंच, मान्य. पण दर आठवड्याला शेकडो डील विकणाऱ्याला ते त्याच्याहून जास्त कळतं आणि दर विकलेल्या व्हाउचरमागे पैसे त्यालाच मिळतात. संख्येवर मर्यादा घालण्यात ज्याचं नुकसान आहे, त्याच्याच हातात मर्यादा ठरवणं सोडलं, तर मर्यादा येणार कुठून?

हे लिहिताना मी माझ्या ईमेलमध्ये जुनी व्हाउचरं शोधली. अकरा सापडली. चार मुदतीआधी वापरायची राहूनच गेली. सात वापरली. त्या सातांपैकी पुन्हा पूर्ण पैसे देऊन गेले ती एकच जागा, मातीकामाचा वर्ग. शिकवणाऱ्या बाईंनी मोजून बारा व्हाउचरं विकली होती, तीही फक्त बुधवारच्या दुपारच्या बॅचसाठी, जिथे चाकं रिकामीच पडलेली असायची. तेरावं मागायला आलेल्याला त्यांनी परत पाठवलं, असं त्या सांगत होत्या. मी तिथे वर्षभर जात राहिले. मध्यंतरी एका मैत्रिणीसाठी फोन केला, तसलं व्हाउचर अजून आहे का म्हणून. बाई म्हणाल्या, "नाही हो, आता नाही देत. बुधवार भरलाय."